पाच दहाची गाडी

त्या माणसानं माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही, ही त्यांच्याविरुद्धची माझी मुख्य तक्रार आहे. दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझी लाज काढली असती, तर मीही तोंड सोडलं असतं आणि प्रकरण तिथंच संपलं असतं. भांडण मला कळतं. वाशीमकडून पुण्यात आलो तेव्हा माझ्याकडे फक्त तोंड होतं, आणि बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सहा वर्षं दुसऱ्याच्या काउंटरमागे उभं राहून मी त्याला धार लावून घेतली. पण त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तोही हळू आवाजात, आणि चष्मा पुसायला घेतला. तो प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला माझं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या सहा खोपटांत सहा कॉम्प्युटर, एक मोडेम, आणि तो लागला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला इंटरनेट हवं होतं. पोरं निकाल बघायला यायची, अमेरिकेतल्या मुलाला चार ओळी लिहायला आईबाप यायचे, आणि आयटीतल्या नोकरीसाठी बायोडेटा पाठवणाऱ्यांची तर रांगच असायची. दारावर मी पाटी लावली होती, ‘येथे वेबसाइट बनवून मिळेल’. तोवर मी एकच बनवली होती, एका मंगल कार्यालयाची, आणि तिच्यातही फोन नंबर चुकला होता.

ती पाटी वाचून ते आत आले. सत्तरीच्या जवळपास. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावलेला. टेलिफोन खात्यातून निवृत्त. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“वेबसाइट म्हणजे नक्की काय मिळतं?”

“काका, जगात कुठूनही, कुणालाही, कधीही दिसतं.”

“दिसेल हो. बघेल का कुणी?”

मी काहीतरी उत्तर ठोकून दिलं आणि भाव सांगितला. भाव मी नेहमी दुप्पट सांगायचो, कारण समोरचा निम्म्यावर आणणार हे ठरलेलंच असायचं. त्यांनी ऐकलं, पाकीट काढलं आणि सगळे पैसे टेबलावर ठेवले. ‘जरा बघा’ नाही, ‘काही कमी’ नाही. मला आनंद व्हायला हवा होता. कुणी कानाखाली वाजवावी तसं वाटलं. दुप्पट भाव न घासता देणारा माणूस आपल्याला कायमचा ओझ्याखाली ठेवतो. हे त्यांना कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

“उद्या फोटो काढायला या,” ते म्हणाले. “पाच दहाच्या आत.”

दुकानात सकाळी गर्दी नसते म्हणून मी अकराला गेलो. दुसरा मजला. त्यांनी दार चार बोटं उघडलं.

“आत्ता गाडी नाही.”

“कसली गाडी?”

“सात चाळीसची गेली. आता पाच दहाला.” आणि दार लागलं.

जिना उतरताना मी त्यांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. आणि पाचला पुन्हा जिना चढलो.

दोन खोल्यांचं घर. मोठ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, एक अख्खं रेल्वे स्टेशन मांडलेलं होतं. ते स्वतः स्वयंपाकघरात झोपायचे. स्टेशन मिरजेच्या वाटेवरचं, मीटरगेजच्या जमान्यातलं. त्यांचे वडील तिथं स्टेशनमास्तर होते आणि त्यांचं लहानपण त्या फलाटावर गेलं होतं. पुढं रूळ रुंद झाले, मार्ग थोडा सरकला आणि ते स्टेशन तसंच मागे पडलं. निवृत्तीनंतर त्यांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं. अकरा वर्षं लागली. कौलं जुन्या पोस्टकार्डांची, एकेक कात्रीनं कापलेली. टेलिफोनच्या केबलमधली बारीक तांब्याची तार पिळून पिळून केलेली चिंच. चिंचेपलीकडे रहाटाची विहीर. या दोघांच्या मध्ये एका खांबाला रुळाचा नखाएवढा तुकडा टांगलेला. ती घंटा. फलाटावर हिरवं निशाण धरलेला मास्तर आणि चार शेळ्या. दुसरं कुणीच नाही.

“पॅसेंजर नाहीत?” मी विचारलं.

“त्या स्टेशनावर कोण चढायचं? मी, आई, आणि बाजाराच्या दिवशी शेळ्या.”

“मग तुम्ही आणि आई कुठं आहात?”

“आम्ही गाडीत.”

फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी होती, कोरी.

“नाव लिहायचं राहिलं का, काका?”

“राहिलेलं नाही.”

“पण लोकांना कळणार कसं कुठलं स्टेशन ते?”

“ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांना कळून काय करायचंय?”

पाच वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला. बंगळूरहून मुलाचा होता. “पाच दहाची आहे. नंतर कर,” असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग फळीवरनं एक पोलादी गोळा उचलला, आवळ्याएवढा, हातात घासून घासून चकचकीत झालेला. मला म्हणाले, “एकेरी रूळ. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर माणसं मरतात. म्हणून दोन स्टेशनांमधल्या रस्त्याला एकच गोळा. तो ज्याच्या हातात, रस्ता त्याचा. वडील चामड्याच्या पिशवीत घालून पळत पळत ड्रायव्हरला द्यायचे. पुढच्या स्टेशनावर ड्रायव्हरनं तो मास्तरच्या हातात द्यायचा. तोवर दुसरी गाडी सुटत नाही.”

टेलिफोनच्या जुन्या भागांतून केलेली लाल पेटी होती. तिच्यात गोळा टाकला. खट् झालं, सिग्नलचा हात पडला, आणि तेव्हा कुठं रुळात वीज आली. छोटं काळं इंजिन तीन डबे घेऊन निघालं, कपाटामागच्या बोगद्यात गेलं आणि भिंतीला वळसा घालून परत येऊन फलाटाला लागलं. पाचेक मिनिटांचा खेळ. खेळ हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदाच वापरला. त्यांनी डायरीत वेळ लिहिली, पेटीतला गोळा काढून फळीवर ठेवला आणि मला म्हणाले, “झालं. आता उद्या सात चाळीस.”

ही वेबसाइट कशासाठी हवी होती, ते मला तिसऱ्या भेटीत कळलं. फ्लॅट विकला होता. मुलगा त्यांना बंगळूरला नेणार होता. ताबा द्यायला तीनेक महिने होते.

“मुलगा वाईट नाही,” ते म्हणाले. “त्याच्याकडे जागा नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

हे सगळं अख्खं कुणीतरी न्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. रूळ, चिंच, विहीर, शेळ्या, सगळं. चार भागांत बोल्टनं जोडलेलं होतं, दारातून निघेल असं. “मी टेलिफोनवाला. जे बसवायचं ते काढता आलं पाहिजे.” नेणाऱ्यानं गाड्या वेळेवर सोडायच्या, ही एकच अट. पैसे नकोत.

“फुकट?” मी ओरडलोच. “अकरा वर्षांचं काम!”

“अहो, इंटरनेट,” ते मला कायम याच नावानं हाक मारायचे, “किंमत विचारली का तुम्हाला?”

वेबसाइट पाच पानांची होती. पहिलं पान, नकाशा, फोटो, वेळापत्रक आणि पत्ता. फोटो साध्या रोलच्या कॅमेऱ्यावर काढायचे, स्टुडिओतून धुऊन आणायचे, स्कॅनरवर पालथे घालायचे, आणि मग पानावर एकेक फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उघडताना बघत बसायचं. नाव काय द्यायचं यावर दोन दिवस गेले. शेवटी ‘एक स्टेशन’ ठरलं. पहिल्या पानावर त्यांनी एक ओळ सांगितली होती, ‘पाच दहाची गाडी वेळेवर आहे’.

“रोज बदलावी लागेल का ही?” मी विचारलं.

“बदलायची वेळ येणार नाही.”

माझ्या मनानं मी एकच गोष्ट घातली. नेटवरून उचललेलं एक धूर सोडणारं इंजिन, पानाच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारं. गिऱ्हाइकांना असलं आवडतं. ते दुकानात आले, तीन नंबरच्या खोपटात बसले आणि बराच वेळ ते इंजिन बघत राहिले.

“हे कुणाचं?”

“नेटवर मिळालं. छान दिसतंय ना?”

“आपल्या रुळावर कसं आलं?”

मी हसलो. ते हसले नाहीत. संध्याकाळी मला बोलावून घेतलं आणि गोळा माझ्या तळहातावर ठेवला. “वेबसाइटला हात लावायचा असेल, कुणाला उत्तर लिहायचं असेल, तेव्हा हा न्यायचा. काम झालं की आणून हातात द्यायचा. माझ्याकडे असताना तुम्ही काही करायचं नाही. तुमच्याकडे असताना मी गाडी सोडणार नाही.”

“काका, कॉम्प्युटरला गोळा लागत नाही.”

“माणसांना लागतो.”

एवढ्याशा फोटोच्या बदलासाठी खिशात गोळा घेऊन मी जिने चढलो-उतरलो आहे. एकदा पाच वाजून पाच मिनिटांनी धावत पोचलो, तर ते खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. गोळा घेतला, पेटीत टाकला. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, “यांच्या घरच्या बाई गेल्या तेव्हा तेरा दिवस बंद होती गाडी. त्यानंतर एकदाही नाही चुकलेली.”

त्यांनी माझ्यासाठी कधी चहा केला नाही, पण मी आलो की खिडकीशी दुसरी खुर्ची मांडलेली असायची. त्या खुर्चीतून बोगद्यातून बाहेर येणारं इंजिन पहिल्यांदा दिसतं. ती जागा चांगली आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

पत्रं येत गेली, थोडीच. ती माझ्या दुकानाच्या ईमेलवर यायची, मी छापून घेऊन जायचो. मुंबईच्या एकाला फक्त इंजिन हवं होतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानदाराला दिवाळीत काचेमागे मांडायला महिनाभर हवं होतं. एका परदेशी माणसानं ‘फार सुंदर’ असं लिहिलं होतं. प्रत्येक कागदावर काका लाल पेन्सिलीनं ‘नाही’ लिहायचे आणि फाइलला लावायचे. परदेशी माणसाच्या कागदावरसुद्धा ‘नाही’ लिहिलं. तो काही मागतच नव्हता, असं मी म्हटलं. “म्हणूनच,” ते म्हणाले.

ताब्याला पाच आठवडे उरले असताना ते पत्र आलं.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. एका खेड्यातल्या शाळेचे मास्तर, दर बाजाराच्या दिवशी तालुक्याला येऊन सायबर कॅफेत बसणारे. त्यांनी लिहिलं होतं : ‘स्टेशन ओळखले. पाटी कोरी आहे तरी ओळखले. चिंच आणि विहिरीच्या मध्ये जो रुळाचा तुकडा टांगला आहे, तो आता आमच्या शाळेत आहे. त्याच्यावरच आम्ही तास वाजवतो. शाळेत एक खोली रिकामी आहे. इथून रेल्वे जायची हे मुलांनी ऐकले आहे, पाहिलेले नाही. टेम्पो आम्ही आणू. गाड्या वेळेवर सोडू. कृपया कळवावे.’

दुपारचे साडेतीन वाजले होते. काकांचं घर पाच मिनिटांवर. मी तो कागद छापून पळत जायला हवं होतं. गोळा त्यांच्या फळीवर होता.

मी बसल्या जागेवरून उत्तर लिहिलं.

का लिहिलं, ते सांगतो. मला आयुष्यात एकच विद्या आली. ती मी त्या माणसासाठी वापरणार होतो. त्यांनी दुप्पट भाव माझ्या टेबलावर ठेवला होता, मी त्यांच्या अकरा वर्षांचा मोबदला त्यांच्या टेबलावर ठेवणार होतो. एक पैसा मला नको होता. हे कुणालाही सांगितलं तर लोक मान हलवतात. हलवू देत. मी लिहिलं, ‘आणखी दोघे विचारत आहेत. आपण काय देऊ शकता ते कळवावे.’ कुणीही विचारत नव्हतं. पण बुधवार पेठेत हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलायचो. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, दोन पावलं बाहेर जातं आणि परत येतं. सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्या आठवड्यात काकांनी दोनदा विचारलं, “या, इंटरनेट. काही आलं?” मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. सौदा पक्का करूनच सांगणार होतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मास्तरांचं उत्तर आलं. ‘वाचून आनंद झाला. दोघे विचारत आहेत म्हणजे स्टेशनाला चांगले घर मिळणार. आमची शाळा साधी आहे, आम्ही मध्ये येत नाही. स्टेशन बांधणाऱ्यांना नमस्कार सांगावा.’

मी ते तीनदा वाचलं. सहा वर्षांत त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. विश्वास ठेवायचं ते वाक्यच नव्हतं.

मी लगेच लिहिलं की ते दोघे फिरले, तुम्हीच घेऊन जा, काही देऊ नका. पण मास्तर आता पुढच्या बाजारालाच वाचणार. शाळेला फोन नव्हता. स्वारगेटहून एसटी धरली असती तर दुपारपर्यंत पोचलो असतो. दुकान होतं, मोडेम बिघडला होता, बायोडेटावाल्यांची रांग होती. गेलो नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘उशीर झाला. संस्थेला देणगीत चार कॉम्प्युटर मिळाले, खोली त्यांना दिली. दुसरी खोली नाही. आपली क्षमा मागतो.’

असले जुने कॉम्प्युटर रंगरंगोटी करून मीही विकलेले होते.

त्यांची तीन आणि माझी दोन, असे पाचही कागद घेऊन मी गेलो. साडेचारची वेळ होती. मी तोंड उघडायच्या आत काकांनी गोळा माझ्या हातात दिला. “घ्या. ताब्याची तारीख पहिल्या पानावर टाकायची आहे. आता थोडेच दिवस उरलेत.” मी गोळा शर्टाच्या खिशात टाकला आणि कागद पुढे केले.

ते उभ्यानंच वाचायला लागले. पहिल्या कागदावर बराच वेळ थांबले. घंटेच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. सगळे नीट एकावर एक ठेवून त्यांनी कडा जुळवल्या.

“हे पहिलं उत्तर लिहिलंत,” ते म्हणाले, “तेव्हा गोळा कुणाकडे होता?”

“तुमच्याकडे.”

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, फुकट वाटायला निघाला होता तुम्ही, कुणीतरी तुमच्या बाजूनं बोलायला नको? मी म्हणालो, तुमच्या या गोळ्याच्या नादात जग चालत नाही. मी म्हणालो, आधी सगळे पैसे टेबलावर टाकून माणसाला मिंधं करायचं आणि वर प्रश्न विचारायचे. आणखीही बरंच म्हणालो. ते चष्मा पुसत राहिले. शेवटी मी दार आपटून निघालो, आणि आळंदी रस्ता ओलांडताना लक्षात आलं की खिशात गोळा आहे.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पाच दहाला वीस मिनिटं होती.

मी दुकानात गेलो आणि गोळा गल्ल्यात टाकला. म्हटलं, येतील मागायला. फोन करतील, काकूंना पाठवतील. एकदा मागू तर देत! मागितलं की मी म्हणणार होतो, काका, चुकलं माझं. वाक्य तयार होतं. आठ दिवस गेले. मी रोज पाचच्या सुमाराला फोनकडे बघायचो. पंधरा दिवस गेले. आता जाणं आणखी अवघड झालं होतं. ताब्याची तारीखही पहिल्या पानावर टाकली नाही. गोळा माझ्याकडे होता, टाकता आली असती.

एके दिवशी काकू दुकानात आल्या, लेकीला ईमेल करायला. खोपटात बसता बसता म्हणाल्या, “अहो, ते गेले की बंगळूरला. परवाच.”

“आणि स्टेशन?”

“भंगारवाला आला होता. चार तुकडे खाली नेले, टेम्पोत बसेनात, म्हणून जिन्याखालीच तोडले. तार काढून घेतली आधी, तांबं म्हणून.”

ती चिंच होती.

“ते कुठं होते तेव्हा?”

“वर खुर्चीत. मी दोनदा म्हटलं त्यांना, अहो, शेवटची एक गाडी तरी सोडा. रोज पाचला खुर्चीत बसायचे, पण गाडी काही सुटली नाही. विचारलं तर म्हणायचे, गोळा यायचाय.”

“मग मागवायचा ना!” मी एवढ्या जोरात ओरडलो की बायोडेटावाल्यांनी माना वळवल्या. “पाच मिनिटांवर दुकान आहे माझं! एक छर्रा टाकला असता तरी वीज आली असती त्या पेटीत!”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, गोळा मागवत नसतात. ज्याच्याकडे असतो तो आणतो.” मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे होता का?”

त्या दिवशी घरी जाऊन मी बोटांवर मोजलं. त्यांची बायको गेली तेव्हा तेरा दिवस. माझ्यामुळे एकवीस.

काकूंकडून मुलाचा पत्ता घेऊन मी कुरिअरच्या दुकानात गेलो. गोळा कापसात गुंडाळून लहान खोक्यात घातला होता. काउंटरवरची मुलगी पावती करत होती.

“आत काय आहे?”

“लोखंडाचा गोळा.”

“किंमत काय टाकू?”

मी खोक्यावरची चिकटपट्टी दाबत राहिलो.

“अहो, काहीतरी सांगा. किंमत टाकल्याशिवाय पावती निघत नाही.”

भाव विचारल्यावर माझी जीभ अडली असं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि पुढेही कधी झालं नाही. मागच्यानं खांद्यावरून वाकून विचारलं, “होणार का तुमचं?” मी खोकं उचललं आणि बाहेर आलो. असाही तो हातातून हातात द्यायचा असतो, मी स्वतःच नेऊन देईन, असं ठरवलं. त्या दिवाळीला जाणार होतो. मग पुढच्या मे महिन्यात. त्यानंतरच्या पावसाळ्यात काकू सांगत आल्या की बंगळूरहून फोन होता, झोपेतच गेले.

आजही माझं म्हणणं तेच आहे. त्यांनी एकदा मागायला हवा होता. सत्तरीचा माणूस, बाहेरगावी निघालेला, त्यानं एक फोन करायला काय हरकत होती? पण दुकानात कुणी भाव पाडून मागायला लागलं की ‘आणखी एक गिऱ्हाईक आहे’ हे वाक्य माझ्या तोंडातून आता निघत नाही. धंद्याला त्यानं फटका बसला. तो मी सोसला.

ती बातमी सांगून काकू घरी परतल्यावर मी तीन नंबरच्या खोपटात जाऊन बसलो आणि ‘एक स्टेशन’ उघडलं. फोटो पट्टीपट्टीनं उतरले. कौलं, चिंच, विहीर, कोरी पाटी. खाली किती जणांनी पान पाहिलं त्याचा आकडा होता. महिनोन्‌महिने तो हलला नव्हता. वर ती ओळ तशीच होती, ‘पाच दहाची गाडी वेळेवर आहे’. गल्ल्यातून गोळा आणून मी कीबोर्डशेजारी ठेवला आणि ओळ बदलली. ‘पाच दहाची गाडी थांबलेली आहे. गोळा दुकानात आहे.’ गोळा माझ्याकडे होता, त्यामुळे बदल नियमाला धरून होता. नीट उमटलं का ते बघायला पान पुन्हा उघडलं, तर खालचा आकडा एकानं वाढला होता.